विश्लेषण : मोबाइलमधील ‘पायथन’ नवे करायला दुसरा संगणक का लागतो?

रेणापूरहून रोज एसटीने लातूरला पदविकेच्या वर्गाला जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप नसेल, तर त्याची प्रयोगशाळा म्हणजे खिशातील मोबाइल. त्यात पायथनचे एखादे ॲप असते आणि प्रवासातही प्रोग्रॅम लिहिता येतो. पण कधी तरी असे घडते, की कॉलेजच्या संगणकावर व्यवस्थित चाललेला प्रोग्रॅम मोबाइलवर मात्र ‘सिंटॅक्स एरर’ दाखवतो. एकही अक्षर चुकलेले नसते. चुकलेली असते ती आवृत्ती. कॉलेजमध्ये पायथन नवे, मोबाइलमध्ये जुने. मग मोबाइलमधील पायथन अद्ययावत का करता येत नाही? याचे उत्तर एका बटणात नाही. ते दडले आहे ‘क्रॉस-कंपायलेशन’ नावाच्या प्रक्रियेत. या प्रक्रियेत नेमके काय अडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा आढावा.

इंटरप्रिटर आणि आवृत्ती म्हणजे नेमके काय?

पायथनमध्ये लिहिलेला मजकूर मोबाइलच्या प्रोसेसरला थेट समजत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, तोच इंटरप्रिटर. तो प्रोग्रॅम वाचतो, त्याचे ‘बाइटकोड’ या मधल्या भाषेत रूपांतर करतो आणि मग एकेक सूचना अमलात आणतो. हा दुभाष्याही एक सॉफ्टवेअरच असून तो मुख्यतः ‘सी’ भाषेत लिहिलेला आहे.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथन पहिल्यांदा जाहीर केले. आता दरवर्षी ऑक्टोबरमध्ये त्याची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे पाठबळ मिळते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आवृत्तीचा आकडा दशांश अपूर्णांक नसतो. ३.९ नंतर ३.१० येते, म्हणजे ३.१० ही ३.९ पेक्षा नवी.

प्रत्येक आवृत्तीत भाषेत काही भर पडते. ‘मॅच-केस’ ही रचना ३.१० मध्ये आली. ३.९ चा दुभाष्या ती वाचूच शकत नाही. त्यामुळे पुस्तकातून बिनचूक उतरवलेला प्रोग्रॅमही जुन्या इंटरप्रिटरला चुकीचा वाटतो. नवख्या विद्यार्थ्याला हे कळायला मार्ग नसतो. आपलेच काही चुकले, असा त्याचा समज होतो.

हा विषय आताच का?

तीन घडामोडी एकाच सुमारास घडल्या आहेत. पहिली, ७ ऑक्टोबर २०२५ रोजी पायथन ३.१४ प्रसिद्ध झाले आणि त्यासोबत अँड्रॉइडसाठीची तयार फाइल पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावर उपलब्ध झाली. दुसरी, त्याच महिन्यात ३.९ या आवृत्तीचे पाठबळ संपले. तिच्यात यापुढे सुरक्षेची त्रुटी सापडली, तरी मूळ प्रकल्पाकडून दुरुस्ती येणार नाही.

तिसरी घडामोड गुगलच्या बाजूने झाली. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढील आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या नव्या ॲपना आणि ॲपच्या अद्ययावत आवृत्त्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून ‘१६ केबी पेज साइज’ची अट लागू झाली. अँड्रॉइड मेमरीची विभागणी पूर्वी ४ किलोबाइटच्या तुकड्यांत करत असे. नव्या उपकरणांत हा तुकडा १६ किलोबाइटचा असू शकतो. जावा किंवा कोटलिनमध्येच लिहिलेल्या ॲपना याचा फारसा त्रास नाही. पण ज्या ॲपच्या पोटात सी भाषेतून तयार झालेले भाग आहेत, त्यांना ते भाग नव्या मापाने पुन्हा तयार करावे लागतात. पायथनचा इंटरप्रिटर नेमका असाच भाग आहे. म्हणजे पायथनची आवृत्ती तीच ठेवायची म्हटले, तरी तिची बांधणी नव्याने करणे अनेक ॲपना टाळता येणार नाही.

क्रॉस-कंपायलेशन म्हणजे काय?

सी भाषेतील मजकुराचे प्रोसेसरच्या यंत्रभाषेत रूपांतर करणे म्हणजे कंपाइल करणे. लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो, तर मोबाइलमध्ये एआरएम पद्धतीचा. दोघांची यंत्रभाषा वेगळी. मोबाइलची स्मृती, वेग आणि बॅटरी यांचा विचार करता मोठे सॉफ्टवेअर मोबाइलवरच बांधणे सोयीचे नसते. म्हणून ते संगणकावर, पण मोबाइलच्या यंत्रभाषेत तयार करतात. हेच क्रॉस-कंपायलेशन. अँड्रॉइडसाठी त्याची हत्यारपेटी गुगल पुरवते, तिला ‘एनडीके’ म्हणतात.

समजा, रेणापूरच्या माणसाने लातूरच्या शिंप्याकडे नुसते माप पाठवले आणि सदरा शिवून मागवला. शिंप्याला गिऱ्हाईक दिसत नाही, ट्रायल घेता येत नाही. कागदावरील मापावर भरवसा ठेवायचा. सदरा बसला की नाही, हे तो रेणापूरला पोहोचल्यावरच कळणार. क्रॉस-कंपायलेशनची मुख्य अडचण हीच आहे. जिथे बांधणी होते, तिथे बांधलेली वस्तू चालवून पाहता येत नाही. चालवायचा प्रयत्न केला, तर संगणक ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असे सांगून नकार देतो.

मग नवी आवृत्ती बांधताना अडते कुठे?

पहिला अडथळा म्हणजे पायथनच्या बांधणीसाठी पायथनच लागते. बांधणीच्या काही पायऱ्यांवर इंटरप्रिटर चालवावा लागतो. त्याच्यासोबत येणाऱ्या मॉड्यूलचे बाइटकोड आधीच तयार करून ठेवायचे असते, काही मॉड्यूल तर इंटरप्रिटरच्या आतच गोठवून बसवायची असतात. नेहमीच्या बांधणीत नुकताच तयार झालेला इंटरप्रिटर हे काम करतो. क्रॉस-कंपायलेशनमध्ये नुकताच तयार झालेला इंटरप्रिटर मोबाइलचा असतो, तो संगणकावर चालत नाही. म्हणून संगणकावर चालणारा दुसरा इंटरप्रिटर लागतो.

तो कोणताही चालत नाही. मोबाइलसाठी ३.१४ बांधायचे असेल, तर संगणकावरही ३.१४ च हवे. बाइटकोडची रचना आवृत्तीगणिक बदलते, त्यामुळे ३.१२ ने केलेली तयारी ३.१४ च्या कामी येत नाही. ३.११ पासून तर बांधणीच्या वेळी या जोडीदार पायथनचा पत्ता स्पष्टपणे द्यावा लागतो. उबुंटू २२.०४ असलेल्या संगणकात मुळात ३.१० असते, २४.०४ मध्ये ३.१२. अशा संगणकावर आधी स्वतःसाठी ३.१४ बांधायचे आणि मग त्याच्या मदतीने मोबाइलसाठी ३.१४, असे काम दोनदा करावे लागते. मोबाइलचे पायथन नवे करायला दुसरा संगणक आणि त्यावर दुसरे पायथन लागते, ते यामुळे.

दुसरा अडथळा प्रश्नोत्तरांचा. बांधणी सुरू होताना ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट समोरच्या यंत्राची चौकशी करते. अमुक सुविधा आहे का, तमुक फाइल आहे का, असे शेकडो प्रश्न असतात. यातील काहींची उत्तरे छोटा प्रोग्रॅम चालवून किंवा यंत्रावरील फाइल पाहूनच मिळतात. क्रॉस-कंपायलेशनमध्ये दोन्ही शक्य नसते. म्हणून ती उत्तरे माणसाने आधीच लिहून द्यायची असतात. एक उत्तर चुकले तरी बांधणी बिनबोभाट पूर्ण होऊ शकते आणि दोष उपकरणावर गेल्यावर उघडा पडतो. शिवाय नवी आवृत्ती नवे प्रश्न विचारते. जुन्या उत्तरपत्रिकेवर ती उत्तीर्ण होईलच असे नाही.

तिसरा अडथळा सरमिसळीचा. बांधणीच्या वाटेत संगणकाचे स्वतःचे पायथन, त्याच्या लायब्ररी आणि त्याचे फोल्डर हाताशी असतात. पत्ता जरा चुकला, की मोबाइलच्या पायथनमध्ये संगणकाच्या लायब्ररीचा संदर्भ घुसतो. म्हणून दोन्हींचे कप्पे कटाक्षाने वेगळे ठेवावे लागतात.

चौथा अडथळा गोतावळ्याचा. पायथन एकटे फारसे कामाचे नसते. नमपायसारखे गणिती पॅकेज, चित्रांसाठीचे पॅकेज यांतही सी भाषेचे भाग असतात. हे भाग बहुतेक वेळा इंटरप्रिटरच्या एका विशिष्ट आवृत्तीशी बांधलेले असतात. ३.१२ साठी तयार झालेले पॅकेज ३.१४ उचलत नाही. त्यातही ते अँड्रॉइडसाठी वेगळे बांधलेले असावे लागते. त्यामुळे इंटरप्रिटर बदलला, की मागची सगळी रांग पुन्हा बांधायची.

जुनी पद्धत नव्या आवृत्तीत का मोडते?

नवी आवृत्ती काही गोष्टी देते, तशा काही काढूनही घेते. पॅकेज बांधण्यासाठी वर्षानुवर्षे वापरात असलेले ‘डिसयुटिल्स’ हे मॉड्यूल ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून वगळण्यात आले. क्रॉस-कंपायलेशनच्या कित्येक जुन्या युक्त्या त्याच्याच आधाराने उभ्या होत्या. ३.१३ मध्ये आणखी १९ मॉड्यूल एकदम गेली. त्यांत वेबपानांसाठीचे ‘सीजीआय’ आणि उपकरणांशी बोलण्यासाठीचे ‘टेलनेटलिब’ होते.

पायथनच्या मूळ चमूने याची सूचना काही वर्षे आधी दिली होती आणि ही मॉड्यूल जुनाट झाली होती, यातही वाद नाही. पण जिथे एकदा बांधलेल्या सॉफ्टवेअरकडे पाच-सात वर्षे कुणी पाहत नाही, तिथे सूचना वाचणारेही कुणी नसते. मग आवृत्ती बदलायचा दिवस उजाडतो आणि सगळ्या अडचणी एकदम समोर येतात.

वापरकर्त्याला स्वतः आवृत्ती का बदलता येत नाही?

लॅपटॉपवर नवे पायथन उतरवून घेता येते. अँड्रॉइडवर दुभाष्या ॲपच्या आत बंद असतो. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून, त्या पातळीला लक्ष्य करणाऱ्या ॲपना आपल्या साठ्यात नंतर उतरवून घेतलेली फाइल प्रोग्रॅम म्हणून थेट चालवण्याची मुभा नाही. घातक सॉफ्टवेअरला अटकाव करण्यासाठी हा नियम आहे. त्याचा दुसरा परिणाम असा, की इंटरप्रिटर ॲपसोबतच यावा लागतो आणि नवा हवा असेल, तर ॲपच्या निर्मात्यानेच नवी बांधणी करून द्यावी लागते.

‘टर्मक्स’ हे लोकप्रिय ॲप जुन्या पातळीला लक्ष्य करून या अटीच्या बाहेर राहिले. त्यामुळे त्याचे मूळ रूप प्ले स्टोअरऐवजी एफ-ड्रॉइडसारख्या ठिकाणाहून घ्यावे लागते. त्यातील पॅकेजही आधी संगणकावर क्रॉस-कंपाइल होऊनच येतात. थोडक्यात, कोणत्याही वाटेने गेले तरी दुसऱ्या संगणकावर बसून कुणी तरी ते काम केलेले असते. तो थांबला, की वापरकर्त्याचे पायथन तिथेच थांबते.

‘आकाश’ टॅब्लेटचा अनुभव काय सांगतो?

स्वस्त उपकरणावर विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग देण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला होता. केंद्र सरकारच्या ‘आकाश’ टॅब्लेटच्या दुसऱ्या आवृत्तीची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे होती आणि प्रा. दीपक फाटक यांनी तिचे नेतृत्व केले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’चे अनावरण झाले. सात इंची पडदा, १ गिगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम असा त्याचा संसार होता.

आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आधीपासून सुरू होता. पायथनच्या जगात ‘मायावी’ या त्रिमितीय आलेखांच्या सॉफ्टवेअरमुळे ओळखले जाणारे प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी त्यात पायथनच्या प्रसाराचे काम केले. आकाशसाठी ‘आकाश प्रोग्रॅमिंग लॅब’ तयार झाली. तिच्यात सी, सी++, पायथन आणि सायलॅब यांत प्रोग्रॅम लिहून टॅब्लेटवरच चालवता येत. त्यासाठी अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा एक वेगळा कप्पा बसवलेला होता.

कल्पना काळाच्या पुढची होती. पण असा कप्पा ज्या दिवशी बांधला जातो, त्या दिवसाच्या आवृत्त्या त्यात गोठतात. तो काळ पायथन २ चा होता. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चे पाठबळ कायमचे संपले. तोवर आकाशची चर्चाही मावळली होती. उपकरण वाटप आणि अनावरण यांवर भर दिला जातो. पुढची पाच वर्षे आतील सॉफ्टवेअर पुन्हा कोण बांधणार, हा प्रश्न मात्र अशा योजनांच्या चर्चेत क्वचितच येतो. आकाशच्या अनुभवातून घेण्यासारखा धडा हाच.

अधिकृत पाठबळामुळे काय बदलले?

आजवर मोबाइलवरील पायथनचा भार ‘काय्व्ही’, ‘बीवेअर’, ‘चाकोपाय’, ‘टर्मक्स’ अशा स्वतंत्र प्रकल्पांनी उचलला. प्रत्येकाला पायथनच्या मूळ मजकुरात स्वतःची ठिगळे लावावी लागत. नवी आवृत्ती आली, की ठिगळे पुन्हा बेतायची. त्यामुळे संगणकावर आवृत्ती येऊन बराच काळ लोटला, तरी मोबाइलवर ती दिसत नसे.

७ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेल्या ३.१३ मध्ये अँड्रॉइड आणि आयओएस यांना अधिकृत यादीत स्थान मिळाले. बांधणीसाठी लागणारी बरीच जुळवाजुळव मूळ मजकुरातच आली. ३.१४ सोबत तर अँड्रॉइडसाठी तयार बांधणीच मिळू लागली. ॲप तयार करणाऱ्याला जोडीदार पायथन, प्रश्नोत्तरे, सरमिसळ या साऱ्यातून इंटरप्रिटरपुरती तरी सुटका मिळाली. ही तयार फाइल ॲपच्या निर्मात्यांसाठी आहे. विद्यार्थ्याने मोबाइलवर उतरवून लगेच वापरण्याचे ते ॲप नव्हे.

पॅकेजच्या रांगेसाठीही हालचाल झाली. एकाच पॅकेजची अनेक यंत्रांसाठी बांधणी करणाऱ्या ‘सीआयबिल्डव्हील’ या साधनात २०२५ मध्ये अँड्रॉइड आणि आयओएसचा समावेश झाला. यापुढे पॅकेजचे मूळ लेखकच मोबाइलसाठीची बांधणी देऊ शकतील. ती प्रत्यक्षात किती जण देतात, यावर पुढची गती ठरेल.

तरीही हुरळून जाण्यासारखी स्थिती नाही. पायथनच्या यादीत यंत्रांच्या तीन श्रेणी आहेत. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्या प्रमुख रूपांचा समावेश पहिल्या श्रेणीत होतो. तिथे बिघाड असेल, तर नवी आवृत्ती रोखली जाते. अँड्रॉइड तिसऱ्या श्रेणीत आहे. तिथे जबाबदार विकासक आणि नियमित चाचणी असते, पण बिघाड झाला म्हणून आवृत्ती थांबत नाही.

जुना मोबाइल असलेल्यांचे काय?

हा प्रश्न मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत कळीचा आहे. अँड्रॉइडसाठीचे अधिकृत पाठबळ केवळ ६४ बिट यंत्रणेला आहे. ३२ बिटला नाही. स्वस्त आणि कमी रॅमच्या अनेक मोबाइलमध्ये प्रोसेसर ६४ बिट असूनही त्यावरील अँड्रॉइड ३२ बिटचे असते. अशा मोबाइलसाठी इंटरप्रिटर बांधणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. पण ती जबाबदारी पुन्हा एखाद्या हौशी प्रकल्पावर येते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के होते. त्यानंतरच्या काळात खेड्यांत स्मार्टफोन पोहोचला. लॅपटॉप त्या वेगाने पोहोचलेला नाही. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, त्याला मोबाइलवर कोणते पायथन चालते याने काही बिघडत नाही. ज्याच्याकडे केवळ मोबाइल आहे आणि तोही जुना, त्याला मात्र त्याचा फटका बसतो. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात आणि सीबीएसईच्या अकरावी-बारावीत पायथन शिकवले जाते, हे ध्यानात घेतले तर हा केवळ हौशी मंडळींचा प्रश्न राहत नाही.

मोबाइलपलीकडे कोणती उपकरणे यात येतात?

नेटवर्कची पेटी, कारखान्यातील नियंत्रक, माहिती गोळा करून पाठवणारी छोटी यंत्रे यांतील अनेकांमध्ये छोटे लिनक्स असते. ते ‘योक्टो’ किंवा ‘बिल्डरूट’ या साधनांनी क्रॉस-कंपाइल केलेले असते. ही साधने इंटरप्रिटरच्या जोडीची काळजी स्वतः घेतात. आधी संगणकासाठी पायथन बांधतात, मग त्याच आवृत्तीचे उपकरणासाठी.

अडचण येते, ती जुन्या साच्यात फक्त पायथन नवे घालायला गेल्यावर. योक्टोच्या एप्रिल २०२२ मधील ४.० या दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीत पायथन ३.१० आहे आणि तिची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. एप्रिल २०२४ मधील ५.० मध्ये ३.१२ असून तिला एप्रिल २०२८ पर्यंत पाठबळ आहे. ४.० मध्येच ३.१२ घुसवायचे ठरवले, तर बाकीची पॅकेज ३.१० च्या फोल्डरमध्ये राहतात आणि नवा दुभाष्या ३.१२ च्या फोल्डरमध्ये शोधतो. पॅकेज जागेवर असूनही ‘मॉड्यूल सापडले नाही’ असा संदेश येतो. म्हणून केवळ पायथन न बदलता संपूर्ण साचाच पुढच्या आवृत्तीवर नेणे बहुतेक वेळा कमी त्रासाचे ठरते.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्थिती तुलनेने सोपी आहे. अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत तो सर्रास वापरला जातो. तो स्वतःच पूर्ण लिनक्स चालवतो, त्यामुळे वेळ लागला तरी पायथन त्याच्यावरच बांधता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या प्रणालीत ३.१३ आहे, आधीच्या प्रणालीत ३.११ होते.

जुनीच आवृत्ती चालू ठेवली तर बिघडते काय?

चालू असलेल्या यंत्राला हात लावू नये, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण त्याला मुदत असते. पायथनच्या ‘टारफाइल’ या मॉड्यूलचे उदाहरण बोलके आहे. हे मॉड्यूल एकत्र बांधलेल्या फाइल सुट्या करते. मुद्दाम तशी रचलेली फाइल दिली, तर ती ठरलेल्या फोल्डरबाहेर जाऊन दुसऱ्याच फाइलवर लिहू शकते, हे २००७ मध्येच नोंदले गेले होते. त्यावर गाळणी बसवण्याची सोय ३.१२ सोबत आली आणि तेव्हा पाठबळ असलेल्या आधीच्या आवृत्त्यांनाही देण्यात आली. ही गाळणी आपोआप लागू होणे मात्र ३.१४ पासून सुरू झाले. ज्या उपकरणाला नवे सॉफ्टवेअर अशाच गठ्ठ्याने पाठवले जाते, त्याच्यासाठी हा फरक क्षुल्लक नाही.

वेगाचाही मुद्दा आहे. पायथनच्या चमूने केलेल्या प्रमाणित चाचण्यांत ३.११ ही आवृत्ती ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान ठरली. कमी ताकदीच्या मोबाइलवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर याचा उपयोग अधिक.

विद्यार्थी आणि शिक्षकांनी काय करावे?

पहिले काम म्हणजे आवृत्ती पाहणे. ॲपमध्ये इंटरप्रिटर उघडला, की सामान्यतः पहिल्याच ओळीत ती दिसते. ती ३.१० किंवा त्याहून जुनी असेल, तर ॲपची अद्ययावत आवृत्ती किंवा दुसरे ॲप शोधावे. नवी आवृत्ती देण्याचे आमिष दाखवणारी अनोळखी एपीके फाइल मात्र उतरवू नये. इंटरप्रिटरसोबत त्यात आणखी काय बांधले आहे, हे बाहेरून कळत नाही.

मोबाइल ३२ बिटचा असेल, तर ‘कोलॅब’सारख्या सेवेत ब्राउझरमधून पायथन वापरता येते. तिथे इंटरप्रिटर दूरच्या सर्व्हरवर चालतो, त्यामुळे सतत नेटवर्क लागते. ‘पायोडाइड’ या प्रकल्पाने पायथन ब्राउझरच्या आतच चालवले आहे. पान एकदा उतरले, की प्रोग्रॅम मोबाइलमध्येच चालतो. मात्र कमी रॅममध्ये तो जड जातो. हे पायथनही वेबॲसेम्ब्ली या यंत्रभाषेसाठी क्रॉस-कंपाइल झालेलेच असते.

शिक्षकांच्या हाती एक साधा उपाय आहे. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या पानावर ‘हा प्रोग्रॅम अमुक आवृत्तीपासून पुढे चालेल’ एवढी ओळ लिहिली, तरी मोबाइलवर सराव करणाऱ्या मुलांचा वेळ आणि धीर दोन्ही वाचतील. ज्या कॉलेजांत संगणकांवर सर्वांत नवी आवृत्ती आहे, तिथे नवी रचना शिकवताना तिचे जुने रूपही दाखवता येईल. ‘मॅच-केस’चे काम ‘इफ-एलिफ’नेही होते.

पुढे काय?

वेळापत्रकानुसार ३.१० ची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते आणि त्याच महिन्यात ३.१५ अपेक्षित आहे. हे चक्र दरवर्षी फिरणार. संगणकावर ते फारसे जाणवत नाही, कारण तिथे वापरकर्ता स्वतः बदल करू शकतो. मोबाइल आणि छोट्या उपकरणांवर मात्र प्रत्येक फेरीत कुणाला तरी दुसऱ्या संगणकावर जोडीदार पायथन उभे करून सगळी रांग पुन्हा बांधावी लागते.

अँड्रॉइडपुरता या कामाचा पहिला टप्पा आता मूळ प्रकल्पाने अंगावर घेतला आहे, ही मोठी गोष्ट. पण पॅकेजची बांधणी, ३२ बिट मोबाइल आणि एकदा बसवून विसरलेली यंत्रे यांची जबाबदारी अजून मोकळीच आहे. शाळा-कॉलेजांसाठी टॅब्लेट असोत की एखाद्या विभागाची यंत्रे, खरेदी करताना रॅम आणि पडद्याचा आकार विचारला जातो. आतील सॉफ्टवेअर किती वर्षे आणि कोण नव्याने बांधून देणार, हेही निविदेत विचारले गेले, तर रेणापूरच्या एसटीत बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला पुस्तकातील बरोबर उत्तर मोबाइलवर चूक ठरताना पाहावे लागणार नाही.